शेवटच्या रविवारचं पाणी

पोहायच्या तलावावर बावीस वर्षं पंप चालवणाऱ्या माणसाला पोहता येत नाही, हे कुणाला सांगून खरं वाटेल? पंपवाल्यांच्या घरात तरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान पंपवाल्यांचा तसा समज होता. माणसाचे स्वतःबद्दलचे समज आपण कशाला मोडावेत?

तलावावर त्यांना सगळेच पंपवाले म्हणत. शिकवणारे सर म्हणत, तिकीट फाडणाऱ्या बाई म्हणत, आणि खरं नाव काय ते हजेरीच्या वहीलाच माहीत. त्यांची खोली अर्धी जमिनीखाली होती. सात पायऱ्या उतरायच्या. उजव्या हाताला दोन पंप, एक चालू आणि एक राखीव. डाव्या हाताला माणसापेक्षा उंच अशा वाळूच्या दोन फिल्टर टाक्या. समोर भिंतीवर पाच वॉल्व, प्रत्येकाच्या चाकाला वेगळा रंग. दाबाचा काटा कुठवर चढला म्हणजे वाळू धुवायला घ्यायची, काचेच्या नळीत दोन थेंब टाकल्यावर पाणी किती पिवळं झालं म्हणजे क्लोरीन बेताचं आहे, हे सगळं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. खोलीला खिडकी एकच, तीही छताला लागून. तिच्यातून काठावर पळणारे ओले पाय तेवढे दिसत आणि सरांचा आवाज ऐकू येई. "मान सोड! अंग हलकं ठेव! लाथ कमरेतून मार, गुडघ्यातून नको!" बावीस उन्हाळे हेच कानावर पडून पंपवाल्यांचं पोहणं तोंडपाठ झालं होतं. पाण्यात उतरायचं तेवढं राहिलं होतं.

भीती जुनी होती. लहानपणी काका घरातल्या पोरांना नदीवर न्यायचे, कमरेला दोर बांधायचे आणि द्यायचे ढकलून. थोरली बहीण पहिल्याच दिवशी हातपाय मारत पलीकडे गेली. पंपवाले त्या दिवशी गवताच्या गंजीमागे लपले, आणि मग दर उन्हाळ्यात लपतच राहिले. पुढे नोकरी नेमकी तलावावर लागली. पंप चालवणाऱ्याला पोहता आलं पाहिजे असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथे कुणी विचारलंही नाही. घरी मात्र सगळे त्यांना पोहता येतंच असं धरून चालले, आणि पंपवाल्यांनी कुणाला अडवलं नाही. उलट मुलगी लहान असताना ते तिला मांडीवर घेऊन सांगायचे, "तुझा बाबा म्हणजे मासा आहे, मासा!" त्या वेळी काय जातंय असं वाटलं होतं.

उन्हाळा संपला की तलाव रिकामा करून तळ घासायचा, ही तिथली पद्धत. गुरुवारी संध्याकाळी लोकांना येणं बंद. तेव्हापासून पंपवाले क्लोरीन थांबवायचे, कारण हे पाणी शेजारच्या सार्वजनिक बागेच्या टाकीत जायचं आणि क्लोरीनच्या पाण्याने झाडं माना टाकतात. फिल्टर मात्र तीन दिवस अखंड चालू. रविवार उजाडेपर्यंत पाणी असं नितळ व्हायचं की काठावरून तळाच्या फरशा मोजाव्यात. वास नाही, डोळ्यांची आग नाही. वर्षातलं सगळ्यात छान पाणी, आणि त्यात उतरायला माणूस नाही! मॅनेजरसाहेबांनी फार पूर्वीच सांगून टाकलं होतं, की रविवारी नऊ वाजता पंपवाल्यांच्या घरच्यांनी खुशाल यावं, दहाला वॉल्व उघडावा.

आणि खरी मजा दहानंतर. तलावाचा तळ उतरता होता, एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला दहा. पाणी उतरू लागलं की साडेतीन फुटांकडची जमीन आधी उघडी पडायची आणि अख्खं कुटुंब हसत, घसरत, एकमेकांना धरत पाण्यामागे खाली खाली चालत जायचं. चारच्या सुमाराला सगळे थेट दहा फुटांच्या पाटीखाली उभे. आत्या, म्हणजे पंपवाल्यांची ती थोरली बहीण, तिथे कमरेवर हात ठेवून जाहीर करायची, "बघून घ्या. दहा फूट पाण्यात उभी आहे, गुडघेच तेवढे भिजलेत!" वर्षभर ज्या जागेकडे लोक जपून बघतात तिथे बसून कलिंगड खायचं, यासारखं सुख नाही. उन्हाळा त्यांच्याकडे असा संपायचा, आणि या एका दिवसासाठी आत्या पाच तास बसने यायची.

नऊ ते दहा या भरल्या तासात पंपवाले खाली खोलीत. "वॉल्व सोडून हलता येत नाही," हे ठरलेलं उत्तर. पाणी छातीपर्यंत आलं की मग गडी असा काही आरडाओरडा करत उडी घ्यायचा की आधीचा तास कुणाच्या लक्षातही राहू नये.

या वर्षी मुलीने घोळ केला. मुलगी दहा वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणत. उन्हाळाभर ती सातच्या तुकडीत पोहायला शिकली. सात ते आठ म्हणजे पंपवाल्यांची वाळू धुवायची वेळ, त्यामुळे त्यांनी तिला पोहताना पाहिलं नव्हतं. खिडकीतून सरांचं "शाबास!" ऐकू आलं की ते आपल्याच पोरीला समजून खूश व्हायचे. शेवटच्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी आता पार दहा फुटांपर्यंत जाते. रविवारी भरल्या तलावात आपण दोघं जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेजारी शेजारी."

पंपवाल्यांचा घास तोंडातच राहिला. "वॉल्व असतो गं."

"वॉल्व दहाला. आपण साडेनऊला जायचं. वचन द्या."

शिलाईच्या यंत्राशी बायको बसली होती. सोमवारी शाळा उघडणार, त्यामुळे घरात चालायला जागा नव्हती इतके गणवेश पडले होते. तिने चष्म्यावरून एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि दोरा दाताने तोडला. पंपवाल्यांनी वचन देऊन टाकलं.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा गणवेश गेला आणि घराला एकदम उधाण आलं. पिशव्या निघाल्या. टोप्या सापडल्या, टॉवेल सापडेनात, मग टॉवेल सापडले तर टोप्या नाहीशा झाल्या. अंडी उकडली, काकड्या धुतल्या. आत्या मांडीवर कलिंगड घेऊन बसमधून उतरली आणि दारातूनच ओरडली, "कोण कोण बुडणार आहे उद्या? हात वर करा!" भिंगरीने दोन्ही हात वर केले. ती पोहण्याचा चष्मा लावूनच जेवली आणि लावूनच झोपणार होती, आईने काढून घेतला.

आत्याने भावाला बाहेर गाठलं. "काय रे बाळ्या, आता?"

"बघू."

"बघू काय? मी बावीस वर्षं तोंड शिवून बसले आहे. पोरीला खरं सांगून मोकळा हो."

"आणि काय सांगू? मासा बुडतो म्हणून?"

बाळ्याने सांगितलं नाही. बाळ्याने हिशोब केला. पाणी तासाला दीड फूट उतरतं. साडेपाचला वॉल्व उघडला तर नऊपर्यंत पाच फूट जाईल. उरलं पाच फूट, आणि आपण साडेपाच. मग शेजारी शेजारीच काय, हातात हात घालून चालत जाऊ. पोरीला सांगायचं, वॉल्व गळला, नशीब आपलं. बाहेरून पाहिलं तर ही चक्क फसवणूक होती, आणि आतून पाहिलं तरी तीच होती. पण माणूस घाबरला की त्याला आपली फसवणूक फार हुशारीची वाटते.

रविवारी साडेपाचला पंपवाल्यांनी तलाव रिकामा करायच्या वॉल्वचं लाल चाक फिरवलं आणि काठावर येऊन पाण्याच्या रेघेपाशी फरशीवर पेन्सिलने खूण केली. सहा वाजले. पाणी खुणेशीच. साडेसहा वाजले, पाणी हललं नाही. त्यांनी चाक पुन्हा बंद करून पुन्हा उघडलं. पाइपाला कान लावला. पान्याने ठोकून पाहिलं. सात, आठ, साडेआठ. तलाव काठोकाठ भरलेला, वर ऊन आलेलं, आणि पाणी इतकं सुंदर दिसत होतं की पंपवाल्यांना त्याचा राग आला. पाइप तुंबला असेल म्हणून ते घामाघूम होऊन झाकणं उघडत राहिले. एवढा जाणता माणूस, पण पाइपाला दुसरं टोक असतं आणि बागेच्या टाकीवरही पाणी अडवणारा एक कॉक आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. बावीस वर्षांत बागेच्या माळ्याने तो दहाच्या आत स्वतःहून उघडलेला असायचा, त्यामुळे तो कॉक म्हणजे पंपवाल्यांच्या लेखी नव्हताच.

नऊला फाटक वाजलं आणि सगळा तलाव जागा झाला. भिंगरी धावत आली, तिच्यामागे पिशव्या घेऊन आई, तिच्यामागे आत्या. आत्याने चपला उडवल्या, "सरका!" म्हणून आरोळी ठोकली आणि जी उडी मारली, तिचं पाणी तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलं. आईने साडेतीन फुटांत उतरून आधी जिभेने ओठ चाटून पाहिले. "अगंबाई, क्लोरीनची चव सुद्धा नाही!" पंधरा दिवस पाय शिलाईच्या यंत्राच्या पायपट्टीवर होते तिचे. ती पाण्यात नुसती उभी राहिली आणि मोठमोठ्याने हसू लागली, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं. आत्याने तिच्यावर पाणी उडवलं, तिने आत्यावर उडवलं, आणि दोघी मोठ्या बायका पोरींसारख्या किंचाळायला लागल्या.

भिंगरी मात्र काठावर उभी होती. टोपी, चष्मा, सगळी तयारी. "बाबा! या ना! बाबा!"

"आलो, आलो!" खालून आवाज यायचा. माणूस यायचा नाही.

साडेनऊला फाटकातून माळी आला. त्याची अर्धी बाजू भिजलेली होती. तो खिडकीशी वाकून असा बोलला की अख्ख्या तलावाला ऐकू जावं. "अहो पंपवाले! वॉल्व पहाटेच उघडून ठेवलात काय? माझ्या कॉकच्या सांध्यातून फवारा उडतोय! दहाचं ठरलंय ना आपलं? बावीस वर्षांत तुम्हाला कधी घाई नव्हती, आजच तलाव रिकामा करायला निघालात?"

पाण्यातला दंगा थांबला. पंपवाले सात पायऱ्या चढून वर आले. हातात पाना, अंगावर कोरडा ठणठणीत शर्ट.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "आम्ही यायच्या आधीच पाणी सोडणार होतात?"

आता पितळ उघडं पडलंच होतं. पंपवाल्यांनी पाना खाली ठेवला. "हो."

"का?"

"मला पोहता येत नाही, बाळा. कधीच येत नव्हतं. मासाबिसा काही नाही. पाणी माझ्या डोक्याच्या वर असलं की मी त्यात उतरूच शकत नाही. तू शेजारी शेजारी म्हणालीस, आणि मला सांगायची लाज वाटली."

"मी नाही हं सांगितलं!" आत्या मधूनच ओरडली.

"मला ठाऊक होतं," साडेतीन फुटांतून बायको म्हणाली.

"तुला? कधीपासून?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. पोहणाऱ्या माणसाचा टॉवेल ओला असतो. तुमचा उन्हाळाभर घडी मोडलेला सुद्धा नसायचा. म्हटलं, सांगतील कधीतरी. बावीस वर्षं लावतील असं नव्हतं वाटलं."

माळी खो खो हसला. आत्या हसली. भिंगरी हसली नाही. ती काठावर मटकन बसली, चष्मा कपाळावर ढकलला आणि तिचा चेहरा बघता बघता रडका झाला. ती चिडली असती, खोटारडे म्हणाली असती, तर त्यांनी मुकाट ऐकून घेतलं असतं.

"मग माझ्याबरोबर कोण येणार?" ती म्हणाली.

"आत्या आहे की."

"आत्या पुढे निघून जाते. आणि मी..." ती पायांच्या बोटांकडे बघत राहिली. "मी पण खोटं बोलले. मी मधल्या लाल दोरीच्या पलीकडे गेलेलीच नाहीये. सरांनी तीनदा सोडलं, तीनदा मी परत फिरले. दोरीच्या पुढे फरशी एकदम खाली जाते ना, ती दिसली की भीती वाटते. म्हणून म्हटलं, तुम्ही शेजारी असलात तर जाईन."

आठवडाभर पंपवाल्यांना वाटत होतं, पोरीला आपला बाबा मिरवायचा आहे. तिला मिरवायचं नव्हतंच. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती घेऊन ती ज्याच्याकडे आली तो तिच्यापासून पळायला पाणी सोडत बसला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

ते तडक खाली गेले, लाल चाक गच्च बंद केलं आणि वर आले. भिंतीला पानं काढायची जाळी टेकवलेली होती, लांब दांडीची. ती त्यांनी उचलली.

"चल. मी शेजारी आहे. पाण्यात नाही, काठावर, पण शेजारी. तुझ्या बोटाएवढं अंतर पडू देणार नाही. ताई, तू दहा फुटांपाशी थांब. आणि माळी, तुम्ही कॉकला हात लावायचा नाही!"

भिंगरीने नाक पुसलं, चष्मा खाली ओढला आणि पाण्यात उतरली. बेडकासारखे हातपाय सोडत निघाली. दर हाताला डोकं वर यायचं, श्वास घ्यायचा आणि परत आत. पंपवाले काठाने तिच्या बरोबरीने चालत होते, दांडी तिच्या कानाशी धरून. "मान सोड. अंग हलकं. लाथ कमरेतून. शाबास!" आवाज सरांचा होता, शब्द सरांचे होते. पाठांतर चोख होतं.

अर्ध्यापर्यंत ती सहज गेली. तिथे एरवी लाल दोरी असते. तिथून तळ खाली धावतो आणि पाणी गडद होतं. भिंगरीचा हात चुकला. डोकं वर आलं ते वरच राहिलं, पाय खाली जाऊ लागले. "बाबा! दिसतंय ते!"

आई साडेतीन फुटांतून पुढे झाली. आत्या निघालीच. सरांच्या पाठातलं एकही वाक्य पंपवाल्यांना आठवेना. मग ते आपल्या मनाने बोलू लागले.

"खाली बघ! बघ खाली, घाबरू नकोस! निळी रेघ दिसते का? आडवी? इथून पुढे तशा अकरा आहेत. दर वर्षी मी गुडघ्यांवर बसून घासतो त्या. ही पहिली. हात मार!"

तिने हात मारला.

"दुसरी. हिच्या डाव्या कोपऱ्यात टवका उडालाय, बघ आहे का? माझ्या हातून घमेलं पडलं होतं!"

डोकं पाण्यात गेलं, वर आलं. "आहे!"

"तिसरी. पुढची फरशी वेगळी दिसेल, जरा पांढरी. जुनी मिळाली नाही म्हणून नवी बसवली. चौथी! पाचवीपाशी जाळीचं झाकण, त्यातून फिल्टरचं पाणी माझ्याकडे येतं. तिथे काही नाही गं पोरी, फरशीच आहे सगळी, माझ्या ओळखीची! सहावी!"

आता माळीही काठाने पळू लागला होता आणि आईही पाण्याबाहेर येऊन पळत होती, आणि तिघं मिळून ओरडत होते, "सातवी! आठवी!" दांडी भिंगरीच्या कानाशीच होती. तिने ती धरली नाही. नववीला ती थकलेली दिसली, दहावीला तिचे ओठ निळे झाले होते, आणि अकरावीला तिने हात लांबवला आणि दहा फुटांच्या पाटीखालची भिंत थाडकन वाजवली.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा! आई नाचली. माळ्याने टोपी पाण्यात फेकली आणि मग तीच काढायला जाळी मागू लागला. आत्याने भिंगरीला भिंतीशी घट्ट धरलं. "वेडे, एवढ्या खोलात भीती नाही वाटली?"

"कशाची?" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "बाबा होते की बरोबर!"

बाबांच्या अंगाला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. ते काठावर उभे होते, दांडी हातात तशीच, आणि डोळे भरून आले तरी पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पंपवाले, दहा वाजले!" माळी म्हणाला. "कॉक उघडू का?"

"आज अकराला," पंपवाले म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

ते साडेतीन फुटांच्या टोकाला चालत गेले, शर्ट काढून कठड्यावर टाकला, पँटसकट काठावर बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी थंडगार होतं. भिंगरी काठ धरत धरत त्यांच्याकडेच येत होती. ती जवळ आल्यावर ते म्हणाले, "आता मला सांग, इथून उतरताना आधी काय सोडायचं, काठ की मान?"